पत्र तुमच्या पत्त्यावर, मजकूर दुसऱ्याच कुणासाठी

प्रश्न : माझ्या मेलवर रोज दोन-चार विचित्र पत्रं येतात. वर एक ओळ स्वस्त औषधांची, तिच्याखाली लिंक, आणि त्याखाली दहा-पंधरा ओळी असंबद्ध इंग्रजी. शब्द सगळे खरे, शब्दकोशात सापडतील असे. वाक्य मात्र एकही लागत नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं म्हणून असेल, पण चीड येते. एवढं खुळ्यासारखं लिहून पाठवणाऱ्याला काय मिळतं? एक नमुना सोबत जोडला आहे.
(एक निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : सर, नमुना जोडलात ते फार बरं केलंत. एरवी लोक दुकानात येऊन सांगतात, ‘ओ सर, कायतरी उलटंसुलटं आलंय बघा की,’ आणि मी बघायला जाईपर्यंत ते डिलीट करून मोकळे झालेले असतात. तुमचं पत्र मी छापून घेतलं आणि खुणा करत वाचलं.

त्यातली वरची ओळ आणि लिंक एवढंच तुमच्यासाठी आहे. बाकीचं तुम्ही वाचावं अशी पाठवणाऱ्याची अपेक्षाच नाही. ते वाचायचंय मेल कंपनीच्या फिल्टरनं, म्हणजे नको ती पत्रं अडवणाऱ्या प्रोग्रामनं. माणसासाठी एक ओळ आणि यंत्रासाठी पंधरा, असा हिशोब आहे. म्हणून व्याकरणाच्या नावानं बोटं मोडू नका. त्या ओळी कुठल्या माणसानं लिहिलेल्याही नसतात, प्रोग्रामनं जुळवलेल्या असतात.

विषयाच्या ओळीपासून बघू. औषधाचं नाव आहे, पण त्यात आय या अक्षराच्या जागी एकचा आकडा घुसवलाय. ही सगळ्यांत जुनी युक्ती. सुरुवातीचे फिल्टर यादीवर चालायचे. अमुक शब्द दिसला की पत्र बाहेर. मग पाठवणाऱ्यांनी शब्दच मोडायला घेतला. मध्ये टिंब, मध्ये रिकामी जागा, ओच्या जागी शून्य. माणूस हे न अडखळता वाचतो, यादीला मात्र तो शब्द सापडत नाही. पुढं याहून बेरकी प्रकार निघाला. इंग्रजी लहान ‘ए’ आणि रशियन लिपीतला ‘आ’ पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी पहिल्याचा क्रमांक ९७ आणि दुसऱ्याचा १०७२. तुम्ही भिंग लावून बघितलंत तरी फरक सापडायचा नाही.

इथं आपल्या लिप्यांची एक गंमत सांगतोच. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात रुंदीच नसलेली काही चिन्हं आहेत. शब्दाच्या पोटात घातली की डोळ्याला काही कळत नाही, यंत्राला मात्र शब्द तुटलेला दिसतो. इंग्रजी मजकुरात असलं चिन्ह आलं तर संशय घ्यायला जागा आहे. मराठीत तसं म्हणता येत नाही. ‘तऱ्हा’ किंवा ‘सुऱ्या’ यांतला आडवा अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतल्या एकीत हे न दिसणारं चिन्ह लागतंच. कन्नडमध्ये इंग्रजी शब्द लिहिताना नको तिथं जोडाक्षर होऊ नये म्हणून याचंच भावंड सर्रास वापरतात. म्हणजे ‘असलं चिन्ह दिसलं की पत्र फेका’ असा नियम कुणी केला, तर बेळगावातली निम्मी साधीसुधी पत्रं कचऱ्यात जातील. म्हणून शहाणा फिल्टर आधी ही चिन्हं बाजूला काढतो आणि मग शब्द वाचतो.

आता तुमच्या त्या पंधरा ओळी. ‘लँटर्न गव्हर्नर बॉइल्ड सेल्डम हार्बर सिस्टर’ अशी त्यांची सुरुवात आहे. याच्यामागं गणित आहे, आणि ते गणित अठराव्या शतकातलं आहे. थॉमस बेझ नावाचा इंग्लंडमधला एक पाद्री होता. त्याचा संभाव्यतेवरचा निबंध तो गेल्यावर, १७६३ साली छापला गेला. नवा पुरावा हाती आला की आपला अंदाज किती बदलायचा, हे त्यातून काढता येतं. १९९८ च्या सुमारास संशोधकांनी ही रीत टपालाच्या कचऱ्याला लावून बघितली, आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरनं ती सोप्या भाषेत मांडल्यावर सगळीकडं पसरली. त्यानं चांगल्या पत्रांचा एक ढीग घेतला आणि कचऱ्याचा एक, प्रत्येकात सुमारे ४००० पत्रं. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते यंत्राकडून मोजून घेतलं. नवं पत्र आलं की त्यातले सगळ्यांत बोलके १५ शब्द निवडायचे आणि त्यांच्या जोरावर हे पत्र कचरा असण्याची शक्यता काढायची.

यातली खरी ताकद अशी की प्रत्येकाचा ढीग वेगळा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, मेल मी बरीच वर्षं सांभाळतो. तिथल्या चांगल्या ढिगात पॅटर्न, कोअर, पिग आयर्न, ब्लो होल, ई-वे बिल हे शब्द ठासून भरलेत. ‘रिजेक्शन’ हा शब्द मालकाला बघवत नाही, पण फिल्टरच्या दृष्टीनं त्याच्याइतका खात्रीचा शब्द नाही. कास्टिंग परत आल्याचं पत्र कुठला चोर कशाला लिहील? ‘अर्जंट’ या शब्दाकडं फिल्टर सहसा संशयानं बघतो. फाउंड्रीत मात्र प्रत्येक ऑर्डर अर्जंटच असते, त्यामुळं तिथं तो शब्द निर्दोष सुटतो.

पाठवणाऱ्यांनी हे ओळखलं आणि तोडगा काढला. औषधाच्या एका वाईट शब्दाभोवती शंभर निरुपद्रवी शब्द ओतायचे, म्हणजे पारडं फिरेल. एवढे शब्द आणायचे कुठून? कॉपीराइट संपलेल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या इंटरनेटवर फुकट पडलेल्या आहेत. त्यांतून मूठ-मूठ उचलायचं. म्हणूनच तुमच्या पत्रात कंदील आहे, गव्हर्नर आहे, बंदर आहे, आणि विजेचं बिल नाही.

एवढं करून साधतं का? फारसं नाही. फिल्टर निवडतो सगळ्यांत बोलके शब्द. ‘हार्बर’ तुमच्या पत्रव्यवहारात कधी आलेलाच नाही, त्यामुळं तो ना चांगला ना वाईट. मधल्या मध्ये राहतो आणि त्या बोलक्या १५ शब्दांत त्याची वर्णीच लागत नाही. पारडं फिरवायचं तर पाठवणाऱ्याला तुमचे शब्द माहीत हवेत. फाउंड्रीसाठी पिग आयर्न, तुमच्यासाठी पेन्शन, डीए, हयातीचा दाखला. एकच पत्र कोट्यवधी लोकांना पाठवणाऱ्याला ते कुठून कळणार?

नुकसान होतं ते दुसऱ्या बाजूनं, आणि त्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अशी पत्रं तुम्ही ‘स्पॅम’, म्हणजे कचरा, म्हणून खूण करत गेलात की त्यातल्या सिस्टर, लेटर, संडे अशा साध्या शब्दांवरही हळूहळू डाग पडतो. मग एखाद्या दिवशी बहिणीचं खरं पत्र कचऱ्यात जातं. दोन-तीनदा असं झालं की माणूस वैतागून फिल्टरच बंद करतो. मोठ्या मेल कंपन्या आता शब्दांखेरीज पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याची आजवरची वागणूक, लिंक कुठं जाते असं बरंच काही तपासतात, त्यामुळं त्यांना याचा फार त्रास होत नाही. आपल्याकडं ज्या कारखान्यांनी स्वस्तात स्वतःचा मेल सर्व्हर बसवून घेतलाय आणि नंतर त्याकडं ढुंकून बघितलेलं नाही, तिथं हे अजून होतं.

राहिलं तुमच्या नमुन्याच्या तळातलं शेपूट, अक्षरं आणि आकड्यांची ती अर्थहीन माळ. ती वेगळ्याच बंदोबस्तावरचा उतारा आहे. विपुल वेद प्रकाश या भारतीय तरुणानं १९९८ मध्ये एक पद्धत काढली. एकानं कचरा ओळखला की त्या पत्राचा गणिती ठसा सगळ्यांना कळवायचा, आणि तोच ठसा दुसरीकडं दिसला की तिथंही पत्र अडवायचं. असल्या ठशाचा गुण असा की मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. मग प्रत्येक प्रतीला वेगळं शेपूट लावलं की झालं. कोगनोळीच्या नाक्यावर नंबर कळवलेला ट्रक दर खेपेला नवी पाटी लावून यावा, तसला प्रकार. यावर पुढं मजकुराचे तुकडे करून त्यांचे सैलसर ठसे घेणं सुरू झालं, थोडाफार बदल असला तरी जुळणारे. तेव्हा पाठवणाऱ्यांनी सगळा मजकूर चित्रातच टाकायला सुरुवात केली. २००६-०७ च्या आसपास शेअर घ्या म्हणून सांगणारी, रंगीत ठिपके उडवलेली चित्रं यायची, तुम्हाला आठवत असतील. ते ठिपके दर प्रतीत वेगळे असायचे. कारण तेच.

तुमच्याकडं रोज येत असलं तरी हल्ली असं खुळचट पत्र इनबॉक्समध्ये क्वचितच दिसतं. मजकूर असतो, पण पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात किंवा शून्य आकाराच्या टायपात लपवलेला. पुढच्या वेळी पत्राखाली विनाकारण मोठी रिकामी जागा दिसली तर कॉम्प्युटरवर सगळा मजकूर सिलेक्ट करून बघा. पांढऱ्यातून कंदील आणि गव्हर्नर वर येतात का ते मला कळवा.

प्रश्न : माझं घरीच लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका यांचं डीटीपीचं काम आहे. मजकूर मराठीत येतो तसा कन्नडमध्येही. पुष्कळदा मेल उघडला की नुसती विचित्र चिन्हं. व्हायरस असेल म्हणून मी काढून टाकते. परवा त्यापायी एका वधूपित्याची बोलणी खावी लागली. ओळखायचं कसं?
(एक भगिनी, शहापूर)

उत्तर : ताई, तुमच्याकडं येतंय ते बहुतेक कचरा नाहीच. जुन्या फॉन्टांची ती करामत आहे. श्रीलिपी किंवा कन्नडचं नुडी, बरह यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतो, फॉन्ट फक्त त्यांना आपल्या अक्षरांचं रूप देतो. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की फॉन्ट मागं राहतो आणि उघडी चिन्हं पुढं येतात. अशा मजकुरात शब्दांच्या लांबीत, ओळींत, पूर्णविरामांत शिस्त दिसते. वर ‘श्री’, मग दोन ओळी, मग तारीख, ही पत्रिकेची ठेवणसुद्धा ओळखू येते. ग्राहकाला युनिकोडमध्ये किंवा पीडीएफ करून पाठवायला सांगा. नाहीच जमलं तर त्याच फॉन्टमध्ये उघडा, नाहीतर कन्व्हर्टर वापरा.

दुसरा प्रकार बराबरच्या खुणांचा. सगळ्या पानभर बराबरची खूण, दोन अक्षरं-आकडे, पुन्हा बराबरची खूण. मेल जुन्या यंत्रांतून सुखरूप जावा म्हणून मजकूर असा बांधून पाठवतात, आणि कधीकधी तो सुटायचा राहतो. त्यात एक खूण आहे, तुमच्या कामाची. ‘ई शून्य’ आणि त्यामागं ‘ए चार’ किंवा ‘ए पाच’ असं पुन्हा पुन्हा दिसलं तर मजकूर देवनागरी आहे. ‘ई शून्य’ आणि मागं ‘बी दोन’ किंवा ‘बी तीन’ असेल तर कन्नड. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांची घरं शेजारी नसली तरी गल्ली एकच, म्हणून सुरुवात सारखी. एवढं ओळखलंत तर न वाचताही कळेल की मराठी मजकूर आलाय की कन्नड.

प्रश्न : ‘प्रिय लाभार्थी, तुमचा निधी तुमच्या प्रतीक्षेत आहे’ असल्या मराठीतलं पत्र वाचून कोण पैसे पाठवतं? एवढा खर्च करून यांना परवडतं कसं?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर : खर्चच नाही, म्हणून परवडतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यातच शिरून मोजदाद केली. औषधांच्या जाहिरातीची जवळपास ३५ कोटी पत्रं गेली आणि खरेदीपर्यंत पोचले २८ जण. टपालाचं तिकीट लावावं लागलं असतं तर दिवाळं निघालं असतं. पण पत्रं पाठवतात दुसऱ्यांचेच कॉम्प्युटर, व्हायरस शिरलेले, मालकाला पत्ता नसलेले. वीज त्याची, इंटरनेट त्याचं. त्या जाळ्यांना हुकूम सोडणारी यंत्रं मात्र मोजक्या ठिकाणी असतात. २००८ च्याच नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो नावाच्या, अशी यंत्रं ठेवून घेणाऱ्या एका होस्टिंग कंपनीचं कनेक्शन तोडलं, तर साऱ्या जगातलं स्पॅम एका झटक्यात निम्म्याहून खाली आलं. काही महिन्यांत पुन्हा चढलं, ते सोडा.

भाषेबद्दल म्हणाल तर ती सुधारायची त्यांना गरज वाटत नाही. उलट खुळचट पत्रच त्यांच्या फायद्याचं असतं, हे मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये गणितानं मांडलं. पहिलं पत्र पाठवणं फुकट असतं, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी नंतर माणसाला बोलत बसावं लागतं. चौकस माणसानं उत्तर दिलं आणि पैसे देताना मागं सरला, तर त्याच्यावर घालवलेले दिवस फुकट. म्हणून गोष्टच अशी सांगायची की चौकस माणूस पहिल्याच ओळीला हसून सोडून देईल. म्हणजे तुम्ही हसलात ते त्यांच्या सोयीचंच झालं. मला हे पटतं, पण मराठीच्या बाबतीत एवढी अक्कल लावलेली असेल असं वाटत नाही. तिथं निव्वळ मशीनचं भाषांतर आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्याचा हिशोब मी बघतो. मेलला चांगला फिल्टर घेतलाय, कचरा जवळजवळ बंद झालाय. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?
(एक लेखापाल, उद्यमबाग)

उत्तर : हरकत आहे. कचरा अडतो, कारण तो कोट्यवधींना एकसारखा जातो. तुमच्या एकट्यासाठी लिहिलेलं पत्र कशाशी ताडून बघायचं?

तुमच्याच भागातल्या एका युनिटला गेल्या वर्षी असं पत्र आलं. नेहमीच्या पुरवठादाराचं, स्वच्छ इंग्रजीत, मागच्या पत्रव्यवहाराला जोडून, बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर. फक्त ‘आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा’ एवढी एक ओळ जास्तीची. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एम या अक्षराच्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी होते. बारीक टायपात ते एमच दिसतात. पिग आयर्नपासून सगळे शब्द फिल्टरच्या ओळखीचे, कारण पुरवठादाराची मेलपेटी आधीच कुणीतरी उघडून वाचली होती. निपाणीच्या सरांना वर म्हटलं ना, की पाठवणाऱ्याला तुमचे शब्द कुठून कळणार? तर ते असे कळतात. त्या युनिटमधल्या अकाउंटंट बाईंना खटकलं ते वेगळंच. तो पुरवठादार पैशाचं कधी मेलवर बोलत नाही, सकाळी सकाळी फोन करून डोकं खातो. बाईंनी जुन्या नंबरवर फोन लावला आणि पैसे वाचले.

कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ असतं. तिथं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन नोंदी दिसतात. पत्र ज्या डोमेनवरून (मेल पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव) आलं म्हणतंय तिथूनच ते आलंय का, हे त्यावरून समजतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून, दिवसाला ५००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना गूगलनं या तिन्ही सक्तीच्या केल्यात. तुमच्या कारखान्याचं डोमेन असेल तर त्याही आजच लावून घ्या, म्हणजे तुमच्या नावानं दुसरा कुणी पत्र पाठवणं अवघड होईल. पण हे लक्षात ठेवा, की आर-एनवाल्या त्या चोरानं डोमेन रीतसर विकत घेतलं होतं. त्याच्या पत्राला तिन्ही ठिकाणी ‘पास’ होतं.

खातं बदलल्याचं पत्र आलं की फोन करायचा, आणि तो पत्रातल्या नंबरवर नाही, तुमच्या वहीतल्या नंबरवर. पैसे गेलेच तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. हा नंबर देशभर एकच आहे, बेळगावातून लावा नाहीतर पलीकडं चंदगडहून. जितक्या लवकर लावाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडकवता येण्याची आशा जास्त. मूळ मेल मात्र डिलीट करू नका, पोलिसांना तोच लागतो.

प्रश्न : नको असलेल्या मेलखाली ‘अनसबस्क्राइब’ लिहिलेलं असतं. ते दाबलं तर आणखी मेल येतात म्हणतात. खरं का?
(एक विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : ज्या दुकानाकडून, कॉलेजकडून तू खरोखर काही घेतलंस, नाव नोंदवलंस, त्यांचं खुशाल दाब. जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी स्वतःहून तो पर्याय देतं, तिथून केलेलं जास्त चांगलं. अनोळखी कचऱ्यात मात्र त्या लिंकला हात लावू नकोस. हा पत्ता जिवंत आहे आणि मालकीण पत्रं वाचते, एवढंच त्यातून कळतं, आणि असा पत्ता पुढं चढ्या भावानं विकला जातो. हेच काम पत्रातलं एक ठिपक्याएवढं चित्रही करतं. ते उघडलं की पाठवणाऱ्याच्या यंत्रावर नोंद होते. २०१३ पासून जीमेल ही चित्रं आपल्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळं तू कुठून बघतेस ते कळत नाही, पण बघितलंस हे कळू शकतं. सेटिंगमध्ये ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्सटर्नल इमेजेस’ असा पर्याय आहे, तो निवडून खाली सेव्ह कर. सेव्ह न करताच बाहेर पडणारे माझ्याकडं पुष्कळ येतात.